‘सहा वर्षांनी या’ म्हणणाऱ्या डॉक्टरास

बस. नुसती मान डोलवू नकोस. तो केसपेपर हातात घे आणि तू काय लिहिलंयस ते मोठ्याने वाच. ‘वय ८ महिने. दोन डोळ्यांत अंतर जास्त. सहा वर्षांनी शस्त्रक्रियेसाठी येणे.’ संपलं? दोन एसट्या बदलून आई-बाप त्या मुलीला घेऊन आले, सकाळपासून रांगेत बसले, आणि त्यांच्या हातात तू एवढंच ठेवलंस?

अंतर जास्त म्हणजे किती? कुठून कुठपर्यंत मोजलंस? कशाने मोजलंस? खिशात दोन मोबाइल आहेत, एक प्लास्टिकची पट्टी नाही. जे त्यांच्या शेजारणीलाही दिसत होतं, तेच तू शाईने लिहून काढलंस. याला निदान म्हणतात?

तू ढ असतास तर मी तुझ्यामागे एवढा वेळ घालवला नसता. तुला सगळं येतं, हाच माझा राग आहे. तोंडी परीक्षेत हाच प्रश्न आला तेव्हा तू घडाघडा बोललास. परीक्षकांनी माना डोलावल्या. परीक्षकापुढे आठवतं आणि पेशंटपुढे विसरतं, असं ज्ञान काय कामाचं? तुझं कळतं पण वळत नाही. का वळत नाही, ते आज बघू.

तुझंच उत्तर तुला परत ऐकवतो. डोळ्यांच्या आतल्या दोन कोपऱ्यांतलं अंतर. बाहेरच्या दोन कोपऱ्यांतलं अंतर. दोन बाहुल्यांमधलं अंतर. तीन आकडे. पट्टी धरायला दोन मिनिटं लागतात, मूल रडत असेल तर पाच. आतले कोपरे लांब, पण बाहुल्या आणि बाहेरचे कोपरे जागेवर, तर बहुधा हाडांचा दोष नाही, तो टेलीकॅन्थस. नाक वरच्या बाजूला बसकं असलं, आतल्या कोपऱ्यावर कातडीची घडी आली, तरी डोळे लांब भासतात. दोन्ही डोळ्यांच्या हाडांच्या खोबणीच मुळात एकमेकींपासून दूर असतील, तर तो खरा हायपरटेलोरिझम. एडिनबराच्या डेव्हिड ग्रेगने १९२४ मध्ये याचं वर्णन केलं. त्याच्याकडे सीटी नव्हता. तुझ्याकडे आहे, आणि तू साधी पट्टी धरत नाहीस?

फरकाने काय बिघडतं, असं मनात म्हणतोयस ना? ऐक. आतले कोपरेच लांब असलेलं एखादं मूल वार्डनबर्ग सिंड्रोमचं असू शकतं. त्याच्या कपाळावर पांढऱ्या केसांची बट असेल, डोळे फिके निळे किंवा दोन रंगांचे असतील, आणि ते जन्मतःच बहिरं असू शकतं. ‘सहा वर्षांनी या’ म्हणून त्याला घरी धाडलंस, तर सहा वर्षं त्याच्या कानात शब्द जाणार नाही आणि तोंडातून शब्द येणार नाही. नंतर तू कितीही शस्त्रक्रिया केल्यास तरी ती वर्षं भरून निघतात का?

आता हाडांचे आकडे. दोन खोबणींच्या आतल्या भिंतींमधलं अंतर जन्माच्या वेळी साधारण १६ मिलिमीटर असतं. वाढत वाढत ते मोठ्या बाईत २५ आणि मोठ्या पुरुषात २८ च्या आसपास येतं. सर्जन पॉल तेसिएच्या प्रतवारीत ३० ते ३४ म्हणजे पहिली पायरी, ३४ ते ४० दुसरी, ४० च्या वर तिसरी. ही प्रतवारी मोठ्यांची. आठ महिन्यांच्या बाळाला ती जशीच्या तशी लावायची नाही. वयाचे तक्ते काढायचे. विभागाच्या कपाटात ते आहेत. त्यांच्यावरची धूळ सांगते की कोण उघडतं आणि कोण नाही.

पुढचा प्रश्न. डोळे लांब असणं हा स्वतंत्र आजार आहे का? नाही. ते लक्षण आहे, आणि त्याच्यामागे कोण उभं आहे ते शोधायचं असतं. तू शोधलंस? मुलीची बोटं पाहिलीस? हातापायाची बोटं एकमेकांना चिकटलेली असतील तर एपर्ट सिंड्रोम. बोटं सरळ, पण डोळे बाहेर आलेले आणि गाल मागे गेलेले असतील तर क्रूझॉन. दोन्हींत बहुधा एफजीएफआर-२ या एकाच जनुकातला बिघाड असतो. दोन्हींत कवटीच्या शिवणी वेळेआधी सांधतात, आणि वाढत्या मेंदूला जागा पुरत नाही. डोक्याचा घेर मोजलास? टाळूवरून हात फिरवलास? टाळा पाहिलास, फाटलेला आहे का? नाकाचा शेंडा दुभंगलेला आहे का? कपाळावरच्या केसांची रेघ मध्येच खाली टोकदार उतरते का? नाकाच्या मुळाशी गाठ होती का? असली तर ती मुलगी रडल्यावर फुगते का?

हा शेवटचा प्रश्न लाखमोलाचा आहे. नाकाच्या मुळाशी येणारी ती गाठ म्हणजे कधी कधी कवटीच्या फटीतून बाहेर आलेला मेंदूचा भाग असतो. आग्नेय आशियात आणि आपल्या देशाच्या काही भागांत असं दिसतं. गावात कुणीतरी तिच्यावर लेप लावतं. कुणी उत्साही डॉक्टर तिच्यात सुई घालतो. मग मेंदूभोवतीचं पाणी गळतं, जंतू आत शिरतात, मेंदूज्वर होतो. अशा बाळाला सहा वर्षं थांबता येत नाही. तुझ्या कागदावर गाठ आहे किंवा नाही, एवढंसुद्धा लिहिलेलं नाही. नाही म्हणून लिहिलं नाहीस, की पाहिलंच नाही म्हणून लिहिलं नाहीस? खरं काय ते तुला माहीत आहे.

आणि बाप. बाप खोलीत उभा होता. त्याचा चेहरा पाहिलास? क्रॅनिओफ्रंटोनेझल डिसप्लेसिया आठवतो? त्याचं जनुक, ईएफएनबी-१, एक्स गुणसूत्रावर असतं. अशा आजारांत सहसा मुलग्यांना जास्त फटका बसतो. इथे नेमकं उलटं. मुलींत आजार जोरात दिसतो: कवटीची शिवण सांधलेली, चेहऱ्याच्या दोन बाजू असमान, नखांवर उभ्या चिरा. पुरुषात पुष्कळदा फक्त डोळे थोडे लांब असतात, बाकी काही नाही. असा बाप ते जनुक आपल्या प्रत्येक मुलीला देतो, मुलगे सुटतात. म्हणजे निदानाचा अर्धा पुरावा तुझ्यासमोर चपला घालून उभा होता आणि तू कागदात डोकं घालून बसलास. मुलीची नखं बघायला कुठली मशीन लागते?

आता जे सांगणार आहे त्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. सोबत आलेली आजी म्हणाली, ‘सुनेनं ग्रहणात विळी चालवली, तिचं हे फळ.’ ती तुझ्यासमोर म्हणाली. सून खाली बघत राहिली. आणि तू? तू पुढचा नंबर पुकारलास.

एक वाक्य बोलायला काय झालं होतं? चेहरा घडतो तो गर्भाच्या चौथ्या ते आठव्या आठवड्यात. डोळे सुरुवातीला डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि चेहरा घडताना मधोमध जवळ येतात. ते येणं कुठेतरी अडलं, मधली हाडं नीट जुळली नाहीत, की डोळे लांब राहतात. त्या आठवड्यांत कित्येक बायकांना आपण गरोदर आहोत हेही पुरतं कळलेलं नसतं. विळीने भाजी चिरली जाते, गर्भ नाही. हे आजीला समजलं नसतं, म्हणतोस? तुझी एमबीबीएसची पुस्तकं तिला वाचायला द्यायची नव्हती. ‘आजी, यात हिचा काही दोष नाही, हे पोटात पहिल्या दोन महिन्यांतच ठरतं,’ एवढं म्हणायचं होतं. पांढरा कोट घालून गप्प बसलेला माणूस आजीच्या बाजूचा साक्षीदार होतो. त्या सुनेने ते ओझं घरी नेलं. तू उचलू शकत होतास. उचललं नाहीस.

आता तुझ्या आवडत्या पळवाटेकडे येऊ. ‘सर, पुस्तकातच लिहिलंय, ही शस्त्रक्रिया पाच-सात वर्षांच्या आत करत नाहीत.’ बरोबर आहे. का करत नाहीत? खालचा काप गालाच्या हाडातून आणि वरच्या जबड्यातून जातो. तिथे कायमच्या दातांचे अंकुर असतात, सुळ्यांचे तर अगदी वाटेत. लहान वयात हाडं पातळ असतात, नीट धरत नाहीत. वाढीच्या भरात सरकवलेलं पुन्हा बिघडू शकतं. म्हणून थांबायचं. पण हा नियम हाडांसाठी आहे. तो डोळ्यांना लागू नाही, कानांना नाही, मेंदूला नाही, आणि डॉक्टरला तर मुळीच नाही. खऱ्या नियमाच्या आड लपलेला आळस सगळ्यात वाईट, कारण त्याच्या हाती पुस्तकातला पुरावा असतो. तू वाट बघतोयस असं तुला वाटतं. तू फक्त चालढकल करतोयस.

या मुलांत तिरळेपणा पुष्कळ, विशेषतः डोळे बाहेर वळणारा. चष्म्याचा नंबर दोन डोळ्यांत वेगळा असू शकतो. मेंदूने एका डोळ्याचं चित्र नाकारलं की तो डोळा आळशी होतो. त्यावर चष्मा आणि पट्टीचा उपचार आहे, स्वस्त आहे, घरी करता येतो, पण पहिल्या सात-आठ वर्षांत, आणि जितका लवकर तितका बरा. आता हिशेब कर. सहा वर्षं तू काहीच केलं नाहीस आणि मग दोन्ही खोबणी सुरेख जवळ आणून ठेवल्यास. त्यातल्या एका डोळ्याला धड दिसत नसेल तर तुझ्या त्या सुरेख कामाचं करायचं काय? आधी डॉक्टर आळशी होतो, मग डोळा.

शिवणी सांधलेल्या असतील तर डोक्यात दाब वाढतो आणि दृष्टीची नस सुकत जाते. मूल तक्रार करत नाही. त्याला जन्मापासून तेवढंच दिसलेलं असतं. ते डोळ्याच्या मागचा पडदा बघूनच कळतं. क्रूझॉनमध्ये डोळे बाहेर असल्यामुळे पापण्या मिटत नाहीत, बुबुळ कोरडं पडतं, जखम होते. टाळा फाटलेला असेल तर कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं आणि ऐकू कमी येतं. नेत्रविभाग दुसऱ्या मजल्यावर आहे, कानाचा विभाग तिसऱ्या. तुझ्या टेबलापासून जिना चढायला किती वेळ लागतो?

तुझं दुसरं तुणतुणं, ‘एवढी मोठी सर्जरी आपल्याकडे कुठे होते?’ नाचता येईना अंगण वाकडं. मुंबईपासून चेन्नईपर्यंत ही शस्त्रक्रिया करणारी पथकं देशात आहेत. कुणाला पाठवायचं हे विचारायला फोन लागतो. ते दोन आहेत तुझ्याकडे. आणि अंगणाचंच म्हणशील तर त्याच पॉल तेसिएकडे बघ. फ्रान्समधला प्लास्टिक सर्जन, पॅरिसजवळ सुरेनच्या फॉश रुग्णालयात काम करणारा. त्याच्या आधी लोक बाहेरून प्रयत्न करत. कातडी कापायची, नाकाचं मधलं हाड तासायचं. डोळे होते तिथेच राहायचे. हे लांबलेले डोळे खरोखर जवळ आणायचे तर मेंदूच्या बाजूने शिरावं लागेल, हे तेसिएने ओळखलं. नाकाची दूषित पोकळी आणि मेंदू एकाच वेळी उघडायची? त्या काळी कुणी धजावत नव्हतं. त्याला पॅरिसमध्ये प्रेतांवर सराव करायची सोय मिळेना. दिवसभराचं काम आटोपून तो रेल्वेने नान्तला जायचा, तिथे प्रेतांवर काप घेऊन बघायचा आणि परत यायचा. मग न्यूरोसर्जन जेरार गियोला त्याने विचारलं आणि गियो म्हणाला, ‘का नाही?’ तुझ्या तोंडी ‘का’ असतं, ‘का नाही’ कधी ऐकलं नाही.

१९६७ मध्ये रोमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याने हे काम मांडलं. जगाने तोंडात बोटं घातली. त्यानंतर त्याने काय केलं ठाऊक आहे? नावाजलेल्या सर्जनांना फॉशला बोलावलं, त्यांना आपले पेशंट दाखवले, समोर ऑपरेशनं केली आणि विचारलं की हे काम मी पुढे चालू ठेवावं का. ज्याने नवी विद्या उभी केली तो स्वतःला तपासून घेत होता. आणि तू राऊंडला केसपेपर फाईलच्या तळाशी सरकवतोस, मी पाहू नये म्हणून. माझं लक्ष असतं.

ती शस्त्रक्रिया काय आहे हे तू त्या आई-बापांना सांगितलंस का? ‘मोठं ऑपरेशन आहे’ म्हणालास, म्हणजे भीती दिलीस, माहिती दिली नाहीस. भिंतीतली चौकट खिडकीच्या काचेला धक्का न लावता सरकवावी, तसं हे काम. केसांच्या आत, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत काप घेऊन कातडी खाली उलटायची. न्यूरोसर्जन कपाळाचं हाड काढतो आणि मेंदू अलगद मागे धरतो. डोळ्याच्या खोबणीच्या चारी भिंती सर्व बाजूंनी मोकळ्या करायच्या, पण दृष्टीची नस जिथून येते त्या छिद्राच्या पुढेच थांबायचं. मधलं जास्तीचं हाड काढायचं, दोन्ही खोबणी डोळ्यांसकट आत सरकवायच्या, पट्ट्या आणि स्क्रूंनी पक्क्या करायच्या. उरलेल्या फटी कवटीच्याच हाडाने भरायच्या. कोपऱ्यांचे बंध पुन्हा जागेवर शिवायचे, नाक उभं करायचं. वरचा जबडाही अरुंद आणि कमानदार असेल तर मधून उलटी पाचर काढून चेहऱ्याचे दोन भाग फिरवून जवळ आणतात. ही पद्धत नेदरलँड्सच्या व्हान डर म्यूलेनने १९७९ मध्ये मांडली. दृष्टीची नस लांबलचक आणि सैल असते म्हणून डोळा सरकतो आणि दृष्टी शाबूत राहते.

आणि धोके? तेही सांगायचे, एकेक करून. रक्तस्राव. मेंदूभोवतीच्या पाण्याची गळती. जंतुसंसर्ग, मेंदूज्वर. दोन-दोन दिसणं. वास जाणं. क्वचित दृष्टी जाणं. तिरळेपणासाठी पुढे वेगळी शस्त्रक्रिया. नाकासाठी मोठेपणी पुन्हा एक. आई-बाप घाबरतील म्हणून सांगत नाहीस? अरे, आठ महिन्यांचं लेकरू असं पाहून ते रोज घाबरताहेत. त्यांना भीतीची सवय आहे, अंधाराची नाही. उलट हेही सांग की अंतर थोडंच असेल तर खोबणी हलवायची गरजही नसते. कोपरे आणि नाक सुधारून भागतं. हे ऐकून एखादी आई कित्येक महिन्यांनी रात्रभर झोपेल. पण त्यासाठी आधी मोजायला हवं. बघ, फिरून गाडी पट्टीपाशीच आली.

सहा वर्षं म्हणजे तयारीची वर्षं. अठरा किलोच्या मुलीच्या अंगात रक्त सव्वा लिटरच्या आसपास असतं. तिचं हिमोग्लोबिन आठ घेऊन तू तिला टेबलावर घेणार? ते वर्षभर आधी कोण बघणार? किडलेले दात, वाहणारं नाक, अर्धवट राहिलेल्या लसी, हे सगळं आधी निस्तरायचं असतं. त्यासाठी पेशंट तुझ्या हातात राहायला हवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून फिरताहेत. अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासतात, पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. त्या केंद्राला एक चिठ्ठी लिहिलीस? खर्चाचं काय, म्हणून बापाने विचारलं, तेव्हा त्याला सरकारी योजनेच्या आरोग्यमित्राच्या टेबलापर्यंत नेऊन बसवलंस? ‘तिकडे विचारा’ म्हणालास. तिकडे म्हणजे कुठे? तो माणूस इथे पहिल्यांदा आला होता.

आणखी एक. तू वॉर्डबॉयला म्हणालास, ‘ते डोळे लांबवालं बाळ आत घे.’ आईने ऐकलं. मुलीला आज कळत नाही. चार वर्षांनी कळेल. शाळेत पोरं नावं ठेवतीलच, त्याची सुरुवात दवाखान्यातून व्हायला नको. तिला नाव आहे. केसपेपरच्या पहिल्याच ओळीत आहे. हाक मारायची तर त्या नावाने.

आता ‘सॉरी सर’ नको. सॉरीने कुणाचा डोळा सुधारत नाही. काम ऐक. रजिस्टरमध्ये बापाचा मोबाइल नंबर आहे. आत्ता, माझ्यासमोर फोन लाव. पुढच्या सोमवारी त्यांना बोलाव आणि त्या दिवशी नेत्र, कान, न्यूरोसर्जरी आणि जेनेटिक्स यांच्या वेळा तूच ठरवून ठेव. बिचाऱ्यांना चार सोमवार खेपा घालायला लावू नकोस. तीन आकडे मोज. डोक्याचा घेर घे. बोटं, नखं, टाळा, नाकाचं मूळ पाहा आणि जे नाही तेही ‘नाही’ म्हणून लिही. बापाचा चेहरा पाहा. पुढच्या गरोदरपणाआधी जनुकांची तपासणी का हवी ते दोघांना समजावून सांग. आजीला शेजारी बसव आणि विळीचा विषय तू काढ. सीटी कधी आणि कशासाठी करायचा ते न्यूरोसर्जनला विचारून ठरव. बाळाला उगाच किरणं देऊ नकोस. दर भेटीला काय बघायचं याचा वर्षावार कागद मराठीत लिही, एक प्रत त्यांना, एक फाईलला.

पुढे बदली होईल, तू कुठेतरी मोठ्या जागी जाशील. जाताना ही फाईल पुढच्या माणसाच्या हातात द्यायची, टेबलावर ठेवून जायची नाही. ती मुलगी सहा वर्षांची होऊन टेबलावर येईल तेव्हा तिचे दोन्ही डोळे नीट बघत असतील, कान नीट ऐकत असतील, रक्त पुरेसं असेल आणि तिच्या आईची मान ताठ असेल, तर मी म्हणेन की तू थांबलास. तोवर तू नुसता टाळतो आहेस.

चल, नंबर लाव. स्पीकरवर.